बटणांच्या बरणीतली पिन

अलॉइस सकाळी अंगावर वस्तू चढवतो त्याचा एक क्रम आहे. आधी पट्टा, मग डाव्या खिशात जपमाळ, उजव्या कमरेला पिस्तूल, शेवटी घड्याळ. हा क्रम मी लग्नापासून पाठीमागे ऐकत आले. त्या वेळी मी खिडकीशी गुडघे टेकून माझी माळ करत असते, आणि माळ संपेपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही हा माझा नेम आहे. पट्ट्याची खळखळ यायची, मण्यांची सळसळ यायची, आणि मग चामड्याच्या कव्हरात पिस्तूल बसल्याचा एक दबका आवाज. तो आला की समजायचं, आता न्याहारीचं बघायला हवं.

त्याने ते कधी माणसावर रोखलं नाही. जन्मभर तो गॅसचा ट्रक घेऊन शेतोशेती फिरला. चिखलाचे रस्ते, मोकाट कुत्री, कुठे गाडीखाली येऊन तडफडत पडलेलं हरीण. अशा हरणाजवळ तो टोपी काढून उभा राहायचा, एक गोळी घालायचा आणि संध्याकाळी जेवताना गप्प असायचा. आमच्या या मिसुरीतल्या कोपऱ्यात पुरुषाच्या कमरेला पिस्तूल असणं म्हणजे खिशात रुमाल असण्यासारखंच. आमचा मुलगा कर्टही लावतो. मुलगी डेनिस मात्र सेंट लुईसला गेली, तिथल्या इस्पितळात अपघात विभागात नर्स झाली, आणि तिला या वस्तूचा आवाजसुद्धा नकोसा झाला.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी अलॉइसच्या विसरण्याला नाव दिलं. नाव मिळाल्याने फरक काहीच पडला नाही. तो चुलीवर कॉफी ठेवून अंगणात जायचा. शेजाऱ्याला त्याच्याच वडिलांच्या नावाने हाक मारायचा. एकदा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत 'आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणताना मध्येच थांबला आणि माझ्या ओठांकडे बघत पुढचे शब्द उचलू लागला. गाडीच्या चाव्या कर्टने काढून घेतल्या, तेव्हा तो कित्येक दिवस खिडकीत बसून उभ्या ट्रककडे बघत होता. पण सकाळचा क्रम चुकला नाही. पट्टा, जपमाळ, पिस्तूल, घड्याळ. घड्याळात किती वाजले ते त्याला सांगता यायचं नाही, तरी घड्याळ मनगटावर असायचं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात. पुरुष बाहेर कढयांपाशी, बायका आत कोबीची कोशिंबीर वाढायला. त्या शुक्रवारी डेनिस आपल्या मुलीला, टेसाला घेऊन आली होती. टेसा सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी वाढत असताना क्लीटस आला. चर्चमध्ये दानाची पेटी फिरवणारा, अलॉइसचा जुना दोस्त. माशाखाली घालतात त्या तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याने माझ्यापुढे धरलं.

"व्हेरा, हे तुझ्या नवऱ्याचं. संडासाच्या टाकीवर राहिलं होतं."

मी हात पुसून ते घेतलं. जड होतं.

"होतं गं असं," तो म्हणाला. "पँट खाली करताना काढून ठेवावं लागतं, आणि मग उठताना ध्यानात राहत नाही. माझं एकदा टायरच्या दुकानात राहिलं होतं. त्यांनी पंक्चरच्या बिलासोबत आणून दिलं."

रांगेतले लोक हसले. मीही थोडी हसले, कारण क्लीटस मनाने चांगला माणूस आहे. डेनिस हसली नाही. ती हॉलच्या दाराकडे बघत होती. तिथे चर्चच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गातली लहान पोरं एकमेकांना ढकलत संडासाच्या रांगेत उभी होती, आणि टेसा त्यांच्यातच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलॉइस आत झोपला होता. दोन्ही मुलं माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"लोक छत्री विसरतात, आई," डेनिस म्हणाली. "चष्मा विसरतात. आणि तो क्लीटस हसत होता."

"मग काय रडायला हवं होतं?" कर्ट म्हणाला. "सापडलं, दिलं. झालं काय?"

"झालं काही नाही. तेच सांगतेय. झालं नाही तोवर बोलतेय. झाल्यावर माझ्याकडे आणतात, कर्ट. स्ट्रेचरवर."

"तुझ्या शहरातल्या गुंडांचं बाबांना कशाला लावतेस?"

"गुंडांचं नाही बोलत मी. गेल्या महिन्यात चार वर्षांचा एक मुलगा आला. आजीच्या पर्समध्ये चॉकलेट शोधत होता, हाताला तिचं पिस्तूल लागलं."

मी कॉफी ओतली. कर्टने कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली.

"इथे शेरीफचा माणूस बोलावला तर तो येईपर्यंत चोर जेवून, भांडी घासून जाईल," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "आणि पिस्तूल बाळगणं हा हक्क आहे त्यांचा. घटनेत लिहिलेला. डॉक्टरच्या चिठ्ठीने जात नाही तो."

"घटना लिहिली त्यांना विसरण्याचा आजार झाला होता का?"

"बघ आई, ही अशी बोलते."

"बरं, हक्क राहू दे बाजूला. तुला स्वतःला काय वाटतं ते सांग," डेनिस म्हणाली.

कर्टने माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण तसं पाहिलं की तो मला अजून दप्तर हरवून आल्यासारखा दिसतो.

"चाव्या मी घेतल्या," तो म्हणाला. "माझ्या हाताने. तू नव्हतीस तेव्हा. ते काही बोलले नाहीत, नुसती मूठ उघडली. आता हे पण मीच काढून घेऊ? मग त्यांचं उरतं काय?"

"ते स्वतः उरतील," डेनिस म्हणाली. "आणि टेसा उरेल. ते पिस्तूल कमरेला असेल तर मी तिला इथे आणणार नाही, आई. मी रागाने बोलत नाहीये. पण आणणार नाही."

टेसा बाहेर अंगणात आजोबांच्या टोपीत दगड गोळा करत होती. अलॉइस माझं नाव कधीमधी विसरतो, पण त्या पोरीचं विसरलेला नाही. ती आली की त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागल्यासारखं होतं, आणि गेली की तो संध्याकाळपर्यंत दार उघडंच ठेवतो. हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तर दोघं भांडत होती.

तोड काढली कर्टनेच. पिस्तुलाच्या आत एक बारीक पिन असते, गोळीच्या बुडाला टोचणारी. ती काढून टाकली तर वजन तेच, दिसायला तेच, चाप ओढला तर टक् असा आवाज येतो आणि बाकी काही होत नाही. इकडच्या बऱ्याच घरांत म्हाताऱ्यांसाठी असं गुपचूप करतात, तो म्हणाला.

"म्हणजे बाबांना फसवायचं," डेनिस म्हणाली.

"तुला ते काढूनही घ्यायचं आहे आणि फसवायचंही नाही. दोन्ही कसं होणार, बाईसाहेब?"

तिने शेवटी मान डोलावली. कर्टने आत जाऊन हळूच पिस्तूल आणलं, एक खिळा घेऊन मागचा भाग दाबला, आणि एवढीशी पिन टपकन टेबलावर पडली. शिवणाच्या सुईपेक्षा जरा जाड. एवढ्याशा गोष्टीवर सगळं चालतं हे मला माहीत नव्हतं. मी ती माझ्या बटणांच्या बरणीत टाकली, झाकण लावलं.

त्याच संध्याकाळी मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले. आमचे फादर टिम वयाने माझ्या मुलांहून लहान. मी विचारलं, नवऱ्याला एक गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं आहे, तर ते खोटं बोलणं होतं का.

"गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, व्हेरा," ते जाळीपलीकडून म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण ते खरं बोलणंही नव्हे." आणि प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणायला सांगितलं.

त्यानंतरचा वसंत चांगला गेला हे मी नाकारत नाही. सकाळी पाठीमागे तो दबका आवाज यायचा आणि माझ्या छातीत काही हलायचं नाही. अलॉइस ताठ चालायचा. दुकानात, मिस्सेत, क्लीटसच्या ओसरीवर. मेलेली वस्तू कमरेला लावून तो जिवंत माणसासारखा वावरत होता, आणि मला वाटायचं, देवाने आमच्याकडे डोळेझाक केली आहे. शनिवारी तो मागच्या ओसरीवर वर्तमानपत्र पसरून पिस्तूल उघडायचा, तेल घालायचा, पुसायचा. ते तो नेहमीच करायचा. शर्टाची बटणं त्याला वरखाली लागायची, पण पिस्तुलाचे भाग बोटं न अडखळता बसवायची. एकदोन शनिवार मी दारातून बघितलं. तो काही बोलला नाही. मीही नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर डेनिस टेसाला घेऊन आठवड्यासाठी आली. तिने पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "पिन आहे ना गं बरणीत?" मी बरणी हलवून दाखवली. बटणांच्या आवाजात एक बारीक लोखंडी आवाज होता. तिने तो कान देऊन ऐकला आणि मग तिचे खांदे खाली आले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. मी शेवयांसाठी पीठ लाटून सुरीने कापत होते. डेनिस वर आंघोळीला गेली होती. खिडकीतून मला टेसा दिसत होती, अनवाणी, टोमॅटोच्या वाफ्यांना पाणी घालत असलेली. हिरवा पाइप तिच्यामागे गवतात वळणं घेत पडला होता. अलॉइस ओसरीच्या पायरीवर बसला होता. मी पिठाकडे बघितलं, आणि आवाज झाला.

आम्ही इथली माणसं, तो आवाज आम्हाला कळतो. फटाका वाटत नाही, दार आपटल्यासारखं वाटत नाही. मी सुरीसकट बाहेर धावले.

टेसा उभी होती. ओलीचिंब, तोंड उघडं. तिच्या पावलापासून हातभर अंतरावर पाइपला भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार उंच उडून तिच्यावर पडत होती. अलॉइस पायरीखाली उभा होता. पिस्तूल त्याने जमिनीकडे धरलं होतं, बोट चापापासून दूर, मुलांना शिकवायचा तसं. चेहरा अगदी शांत. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं जागं बघितलं नव्हतं.

"तांबडा साप होता," तो म्हणाला. "विषारी. पोरीच्या पायाशी. हलू नकोस, टेसा. त्याला जोडीदार असतो."

डेनिस टॉवेल गुंडाळून आली. तिने मुलीला उचललं, तिचे हात, पाय, पोट, डोकं सगळं चाचपून पाहिलं. इस्पितळात करत असेल तसंच, भराभर, न बोलता. मग गवतात बसून राहिली. पाणी दोघींवर पडत होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

कर्ट आला तेव्हा आम्ही ओसरीवर होतो. पिस्तूल टेबलावर होतं. त्याने काठी घेऊन सगळा वाफा धुंडाळला, ओसरीखाली बघितलं, दगड उलटे केले. साप नव्हता, मेलेला नाही की जिवंत नाही.

"असेल, गेला असेल," तो म्हणाला. "आवाजाने पळतात. जूनमध्ये इथे तांबडे असतातच. टेसा, तू बघितलास ना गं?"

"तिला विचारू नकोस," डेनिस म्हणाली.

"मी बघितला," टेसा म्हणाली. "आजोबा म्हणाले तेव्हा बघितला."

"पाइपला भोक आहे, कर्ट. सापाला नाही. तू पाइपकडे बघतोयस ना?"

"मी बघतोय. तूही बघ. पोरीला काही झालं नाही."

"हातभर!"

"हातभर सापापासून वाचली असेल!"

दोघंही एकाच भोकाकडे बोट दाखवत होती. मी आत जाऊन बरणी आणली, टेबलावर बटणं ओतली. पिन होती. ती मी पिस्तुलाशेजारी ठेवली. कर्ट तिच्याकडे बघत राहिला, मग बापाकडे.

"बाबा, यात पिन नव्हती."

"नव्हतीच," अलॉइस म्हणाला. "बरेच दिवस झाले. साफ करताना बघितलं, आत भोक रिकामं. शेडमध्ये जुनी एक होती डब्यात, ती बसवली." त्याने मुलाकडे जरा कीव करून पाहिलं. "तू घेतलं होतंस का माझं पिस्तूल साफ करायला? तू लहानपणीही सुटे भाग हरवायचास. सायकलची चेन आठवते? मी तुला बोलणार नव्हतो. होतं माणसाच्या हातून."

कर्टचं तोंड मी बघू शकले नाही. डेनिस हसायला लागली, आणि मग ते हसणं नव्हतं.

ती दुपारीच निघाली. गाडीपाशी माझा हात धरून म्हणाली, "आई, तू ये आमच्याकडे. दोघं या. तिथे त्यांना ठेवायला चांगल्या जागा आहेत. पण या घरात ती वस्तू आहे तोवर मी हिला आणणार नाही. आता नाही." टेसा मागच्या काचेतून हात हलवत होती. अलॉइसने टोपी काढून हलवली. "पुढच्या रविवारी या," तो म्हणाला. "पाइप नवा आणून ठेवतो."

कर्ट पिस्तूल घेऊन गेला. वादापुरतं सांगायचं तर त्या दिवशी डेनिस जिंकली होती. पण सकाळी माझ्या पाठीमागे पट्टा वाजला, माळ वाजली, आणि मग काहीच वाजलं नाही. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज, पुन्हा बंद केल्याचा. पुन्हा उघडल्याचा. मी मण्यावर बोट ठेवून बसले. माळ मध्येच सोडायची नाही म्हणून बसले, आणि उठून काय सांगायचं ते माहीत नव्हतं म्हणूनही.

"व्हेरा, माझं पिस्तूल चोरीला गेलं."

मी खोटं बोलत नाही. माळ संपवून मी सांगितलं, कर्टने नेलं आहे. त्याने ऐकलं, मान डोलावली, आणि न्याहारीनंतर पुन्हा शोधायला लागला. पिठाच्या डब्यात, गाद्यांखाली, माझ्या शिवणात. दर वेळी मी खरं सांगायची आणि दर वेळी ते त्याला नव्याने लागायचं. "माझ्याच मुलाने?" तो म्हणायचा. एका दिवसात इतक्या वेळा बापाचं मन मोडायचं, हे कसलं सत्य, असं मनात यायचं, आणि मी ते देवाकडेच परत टाकायची. त्याने शेरीफच्या कचेरीत फोन केला. तिथल्या मुलीने गोड बोलून ठेवला. एका भर दुपारी तो घरातून निघून गेला. क्लीटसला तो जुन्या गॅसच्या गोदामामागे सापडला, रस्त्याकडेच्या नाल्यात उतरून हाताने गवत बाजूला करत असलेला. ओठ फुटलेले, अंग उन्हाने भाजलेलं.

त्या दिवशी कर्ट पिस्तूल परत घेऊन आला. मी नको म्हणाले नाही. पिन काढली आहे, शेडमधला सुट्या भागांचा डबाही घेऊन चाललोय, तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणत होता, पण मी हो म्हणावं की नाही हे त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याने ते बापाच्या हातात दिलं. अलॉइसने उलटसुलट करून बघितलं, मांडीवर ठेवलं. मग त्याने मला विचारलं,

"टेसा किती लांब होती?"

तो कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय ते मला समजायला वेळ लागला.

"हातभर," मी म्हणाले.

"साप होता ना?"

"मला माहीत नाही, अलॉइस. मी पीठ कापत होते."

त्याने पट्ट्यावरून कव्हर सोडवलं. पिस्तूल आत घातलं आणि ते माझ्यापुढे धरलं.

"मग हे तू लाव. माझ्या हातात नको. पण घराबाहेर जाऊ देऊ नकोस. घर मोकळं नको ठेवूस, व्हेरा. कोणीतरी लावायला हवं."

"मी?"

"तुझ्यावर माझा भरवसा आहे," तो म्हणाला. असं वाक्य त्याच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं. लग्नातही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते सगळं विसरला होता. पट्टा वाजला, माळ वाजली, ड्रॉवर उघडला. या वेळी मी माळ अर्धी सोडून वळले आणि एप्रन बाजूला करून दाखवलं. त्याने बघितलं. चेहरा सैल झाला.

"अच्छा. तू लावलंयस." आणि घड्याळ चढवलं.

तेव्हापासून रोज असंच आहे. आमच्या राज्यात त्याला परवाना लागत नाही, कोणी विचारतही नाही. एप्रनखाली, रविवारी कोटाखाली. मिस्सेत गुडघे टेकले की ते बरगडीत रुततं. क्लीटसच्या ते ध्यानात आलं आणि त्याने डोळा मिचकावला. "संडासात विसरू नकोस हं," तो कानाशी म्हणाला. कर्ट म्हणतो, "आई, तुला शोभतं," आणि मग लगेच दुसरीकडे बघतो. डेनिसला मी फोनवर सांगितलं. लपवायचं नव्हतं.

"तू?" ती म्हणाली. "आई, तू?"

"पिन नाही त्यात."

"मागच्या वेळीही नव्हती."

पिन आत आहे की नाही हे मला बघून कळत नाही. कर्ट म्हणतो नाही. मी ते अंगावर बांधून पीठ मळते, पाव भाजते, नवऱ्याचे मोजे शोधते, आणि तेवढं एक मला माहीत नसतं.

काल शनिवार होता. अलॉइसने ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि हात पुढे केला. मी पिस्तूल दिलं आणि शेजारी बसले. त्याने ते उघडलं, पुसलं, मागचा भाग उजेडाला धरून डोळा लावला.

"व्हेरा, यातली पिन गेलीय."

"हो," मी म्हणाले.

"बघतो. शेडमध्ये एक असेल."

तो गेला. मी ओसरीवर बसून राहिले. शेडमधले खण उघडल्याचे, बंद झाल्याचे आवाज येत होते. डबे खळखळत होते. कर्टने सगळं नेलं आहे, तो म्हणतो. पण अलॉइस पन्नास वर्षं त्या शेडमध्ये वस्तू ठेवतोय. कुठल्या डब्यात काय, ते कर्टला काय ठाऊक? मी एप्रनच्या खिशात हात घालून मणी धरले, पण काय मागावं ते ठरेना. सापडू नये म्हणून मागावं, तर तो दिवसभर शोधत राहील. सापडावी म्हणून कशी मागू?

आवाज थांबला. तो बाहेर आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. तो माझ्याकडे आला नाही. नळाकडे गेला, गवतातून तो हिरवा पाइप ओढला, भोक सापडलं तिथे खाली बसला. मूठ उघडली. पितळी जोड होता, पाइपचे दोन तुकडे जोडतात तो. त्याने खिशातल्या चाकूने भोकाचा भाग कापून टाकला, दोन्ही टोकं जोडावर चढवली, आवळली. नळ सोडला. एक थेंब गळला नाही. त्याची बोटं तेवढ्यापुरती त्याची होती.

"डेनिसला फोन कर," तो ओरडून म्हणाला. "म्हणावं पाइप नीट झालाय. टेसाला पाठव. टोमॅटो सुकलेत."

मी उठले. आत जाऊन फोन केला. डेनिस इस्पितळात असावी, कोणी उचलला नाही. मी निरोप ठेवला, जसा त्याने सांगितला तसाच, शब्दाने कमी नाही की जास्त नाही.

बाहेर आले तेव्हा तो पुन्हा वर्तमानपत्रापाशी बसला होता. पिस्तूल जोडून झालं होतं, पुसून, तेल लावून. आत काय बसलं, काय नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं तेच सांगितलं असतं, जेवढं त्याला आठवत होतं तेवढं. त्याने ते कव्हरात घातलं आणि माझ्यापुढे धरलं.

"लाव," तो म्हणाला.

मी एप्रन वर केला आणि लावलं.